अँटिकोडॉन शाबूत म्हणजे ट्रान्सफर आरएनए शाबूत?

"ट्रान्सफर आरएनएची महत्त्वाची अक्षरं तीनच, अँटिकोडॉनची. उत्परिवर्तन त्यांच्याबाहेर असेल तर बिनधास्त राहा." ट्रान्सफर आरएनए म्हणजे प्रथिन बनताना योग्य अमिनो आम्ल आणून देणारा रेणू; संदेशातला तीन अक्षरांचा शब्द (कोडॉन) तो ज्या तीन अक्षरांनी ओळखतो, तो अँटिकोडॉन. वरचं विधान विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये फिरतं आणि जनुकीय अहवाल समजावून सांगणाऱ्या पोस्टमध्येही. ते चुकीचं आहे. मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या भागांच्या) आजाराचा अहवाल हाती आलेल्या कुटुंबाला त्यातून खोटा दिलासा मिळतो, हे मला जास्त खुपतं.

पहिला युक्तिवाद असा, की बाकीचा रेणू म्हणजे नुसता सांगाडा. पण पेशी ट्रान्सफर आरएनए तयार स्थितीत बनवत नाही. आधी लांबट पूर्वरेणू तयार होतो. आरएनेझ पी त्याचं ५' (सुरुवातीचं) टोक छाटतं, आरएनेझ झेड ३' (शेवटचं) टोक, आणि मग माणसात तिथे सीसीए ही अक्षरं जोडली जातात. ही विकरं रेणू ओळखतात ती मुख्यतः त्याच्या घडीवरून. घडी बिघडली की छाटणी रेंगाळते. १९७१ साली शास्त्रज्ञ सिडनी आल्टमन यांना ई. कोलाय या जिवाणूमधला, टायरोसिन या अमिनो आम्लाच्या ट्रान्सफर आरएनएचा पूर्वरेणू वेगळा करता आला, तो अशा उत्परिवर्तित प्रकारांच्या मदतीनेच.

दुसरा युक्तिवाद: बदल जनुकाच्याही बाहेर असेल तर प्रश्नच मिटला. इथे मायटोकाँड्रियल डीएनएतलं ७४४५ हे स्थान बघा. तिथल्या ए चा जी झाला, तर एका धाग्यावर सीओ१ या प्रथिनाच्या जनुकाचा थांबा-कोडॉन (प्रथिनाची बांधणी थांबवणारा) एजीए चा एजीजी होतो. तोही थांबाच, म्हणजे प्रथिन जसंच्या तसं. पण समोरच्या धाग्यावर हेच स्थान सेरीन या अमिनो आम्लाच्या ट्रान्सफर आरएनएच्या ३' टोकाला अगदी लागून, जनुकाबाहेर येतं. तिथली छाटणी मंदावते, तयार रेणू कमी पडतो, आणि त्याच लांब प्रतीतून सुटणारा एनडी६ या दुसऱ्या प्रथिनाचा संदेशही घटतो. हा बदल असलेल्या कुटुंबांत बहिरेपण आढळलं आहे.

'बिघाड झालाच तर चुकीचं अमिनो आम्ल बसेल' हेही अर्धवट. छाटणी बिघडली की बहुतेकदा तुटवडा होतो, अदलाबदल नव्हे.

आणि अँटिकोडॉन तरी सुरक्षित असतो का? मायटोकाँड्रियाच्या मेलास या आजारातलं ३२४३ या स्थानावरचं उत्परिवर्तन ट्रान्सफर आरएनएच्या डी-वळण या भागात, अँटिकोडॉनपासून दूर आहे. तरीही त्यामुळे अँटिकोडॉनच्या पहिल्या अक्षरावरचा टॉरिनयुक्त रासायनिक बदल होत नाही.

प्रत्येक बदल घातक असतो असं नाही; काही जागा सहज खपवून घेतात. म्हणून अहवाल वाचताना, बदलामुळे घडी, छाटणी किंवा रासायनिक बदल अडतो का, हे विचारा.