फोटो काढून टाकला, शब्द इथं ठेवतोय

आज सकाळी फेसबुकनं ‘आठवणीं’त माझीच 2014 सालची पोस्ट पुढ्यात आणली. वाचून पोटात गोळा आला.

तो जुलै आमच्या बेळगावच्या सीमाभागात कुणी विसरलेलं नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक पाडला, लोकांवर लाठ्या चालल्या. डोकी तापलेली होती. त्यातच मी खडेबाजारात एका दुकानात चादर घ्यायला गेलो. काउंटरवरचा पोरगा माझ्या मराठीला कन्नडमधनं उत्तर देत होता. मी त्याचा फोटो काढला आणि लिहिलं, ‘मराठी येत असून बोलत नाही. ह्याला धडा शिकवा.’ दोनशेवर शेअर झाले.

तो पोरगा रायचूरकडचा. बेळगावात येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. ‘मराठी बरंगिल्ल री,’ म्हणजे मराठी येत नाही हो, असं त्यानं मला दोनदा सांगितलं होतं, हात जोडून. तेवढं कन्नड मला कळतं. कळत असूनही मी खोटं लिहिलं. पुढच्या खेपेला गेलो तर तो दिसला नाही. मालक म्हणाले, “भ्याला वो पोरगा. गावाकडं गेला.”

मित्र म्हणतो, गुपचूप डिलीट कर, कुणाच्या लक्षात आहे? त्या पोराच्या असेल की.

जुन्या कविता, भडक सेल्फी खुशाल उडवा, त्यांनी कुणाचं वाकडं केलेलं नाही. पण जिथं दुसऱ्याला इजा झाली, तिथं नुसतं पुसणं म्हणजे पळ काढणं, असं मला मनापासून वाटतं. फोटो मात्र ठेवणार नाही. चेहरा त्याचा आहे, माझ्या पश्चात्तापासाठी तो पुन्हा चव्हाट्यावर का यावा? म्हणून मूळ पोस्ट उडवली. फेसबुकच्या कचरापेटीत ती 30 दिवस पडून राहते, तिथनंही काढली. माझं वाक्य मात्र वर जसंच्या तसं दिलंय. ते माझं आहे.

‘अशानं आपली बाजू लंगडी पडते,’ असं काहीजण म्हणतील. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात घातलं, तो आमच्यावर अन्याय झाला, हे मी आजही म्हणतो. त्याच्या निषेधाच्या, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत असतोच. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या सीमाप्रश्नाच्या दाव्याला माझ्या खोट्या पोस्टचा टेकू कधीच लागत नव्हता.

ती पोस्ट तेव्हा व्हॉट्सॲपवरही फिरली होती. कुणाच्या मोबाईलमध्ये तो फोटो अजून असेल तर आधी तो काढून टाका, मग मला काय बोलायचं ते बोला.