विकणे आहे, चालू स्थितीत

आमच्याकडे कुठली वस्तू घराबाहेर जाणार हे आधी बायको ठरवते, मला मागाहून कळतं. या दिवाळीच्या साफसफाईत पाळी माझ्या गेमिंग कॉम्प्युटरवर आली. "दोन वर्षांत चालू केलेला पाहिला नाही. तिथे माझं शिलाई मशीन येणार आहे," एवढंच म्हणाली. शिलाई मशीन दोन वर्षांत कुणी चालू केलेलं पाहिलं होतं, हे मी विचारलं नाही. संसार टिकतात ते असे.

२०१७ च्या दिवाळीत बोनस झाला तेव्हा लॅमिंग्टन रोडला अख्खा शनिवार घालवून, एकेक भाग निवडून मी तो जुळवून घेतला होता. सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड, सोळा जीबी रॅम. एकूण ७१,४०० रुपये. घरी सांगितलं, ऑफिसच्या कामाला लागतो. ग्रँट रोडहून डोंबिवलीपर्यंत खोका मांडीवर घेऊन आलो, दादरला गाडी बदलताना लेकरासारखा छातीशी धरून.

आता त्याची किंमत काय लावायची? आठ वर्षं झाली, म्हणजे निम्मी. पस्तीस हजार. घासाघीस होणारच, म्हणून चाळीस. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला.

"मामा, बारा," तो म्हणाला.

"बारा टक्के कमी करू?"

"बारा हजार."

मग त्याने समजावलं. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात, माझा सातवीतला. आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने नेमका १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या तोंडावर बंद केला. पत्रिका जुळली, पण गोत्र आडवं आलं म्हणतात ते हे. शेवटी माझे चाळीस आणि त्याचे बारा यांच्यात तह होऊन बावीस ठरले.

"फोटो काढण्याआधी आतून पुसा," एवढं बजावून त्याने फोन ठेवला. दोन स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं. पंख्यावरची धूळ बोटाने ओढली तर जुन्या गोधडीतल्या कापसासारखी सलग एका तुकड्यात निघाली. तिच्याखाली लाल-पिवळं काहीतरी. मग लक्षात आलं. आई दर खंडेनवमीला विळी, कात्री, माझी स्कूटर आणि हा कॉम्प्युटर अशी सगळ्यांची पूजा करते. हळद-कुंकवाचं बोट नेमकं पुढच्या जाळीवर, जिथून हवा आत जाते. इतक्या वर्षांचं कुंकू पंख्याने भक्तिभावाने आत ओढून ग्राफिक कार्डावर पसरलं होतं. रॅमच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये झेंडूची एक पाकळी वाळून कागद झालेली. मी ब्रशने जमेल तेवढं झाडलं, पण कार्डाचं सौभाग्य काही पूर्ण जाईना.

जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात टाकली. पहिल्या तासात सात जणांनी विचारलं, "लास्ट प्राइस?" अरे, पहिली कुठे ऐकलीस! एकाला बदल्यात मोबाईल द्यायचा होता, स्क्रीनला 'थोडी' चीर असलेला. एकाने विचारलं, "१०६० तीन जीबीवालं की सहा?" हा जाणकार. दोन्हींचं नाव एकच असलं तरी सहावाल्यात १२८० कोअर असतात आणि तीनवाल्यात ११५२. मी अभिमानाने "सहा" लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, "फोटोत कार्डला गंज दिसतोय."

"कुंकू आहे."

अर्धा तास शांतता. मग, "मायनिंगला वापरलंय का?"

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. २०२१ च्या सुमारास लोक असली कार्डं इथेरियम नावाचं डिजिटल चलन काढायला रात्रंदिवस पिळत होते; मायनिंग म्हणतात ते हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली, तेव्हा ती दमलेली कार्डं पुसूनपासून बाजारात आली. माझं कार्ड फक्त रात्री अकरा ते दोन राबलं, तेही आवाज बंद ठेवून. पण याला पुरावा काय देणार?

एकाने वस्तू न बघताच "बावीस मंजूर" म्हटलं आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका म्हणे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण भाव न पाडणारा तो एकटाच गिऱ्हाईक निघाला, म्हणून त्याला ब्लॉक करताना जरा जड गेलं.

तुळशीचं लग्न उरकलं, दर अठरावर आला. तेवढ्यात रॅमचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरांकडे सगळ्या चिपा वळल्यामुळे जुन्या पट्ट्यांनाही मागणी आली म्हणे. एक दुकानदार घरी आला आणि म्हणाला, "रॅम तेवढी द्या, बाकीचं राहू दे तुम्हाला." फणसातले गरे खाऊन चारखंड यजमानाकडे परत देण्यातलाच प्रकार. त्याला पाणी दिलं आणि पाठवलं.

शेवटी रविवारी बदलापूरहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा दहावीचा असेल. त्याने खाली वाकून पंख्याचा आवाज ऐकला, कार्डाचं तापमान बघितलं, मग तपासणीसाठी एक गेम उघडला. पडद्यावर माझा हिशेब आला: एकूण खेळलेले तास ९१२. त्याने एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा चहा घेऊन येणाऱ्या बायकोकडे. आणि मुकाट्याने गेमची खिडकी बंद केली.

सोळा हजार पाचशेला सौदा ठरला. वडिलांनी पैसे पाठवले, तरी खुर्चीवरून उठेनात.

"साहेब, याला अभ्यासालाच पाहिजे. कोडिंग का काय ते शिकायचं म्हणतो. चालेल ना हा त्याला?"

मुलगा माझ्याकडे एकटक बघत होता.

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो. "मीही ऑफिसच्या कामालाच घेतला होता."

मागे ट्रेमधले कप किणकिणले.