2 जीबीचा संसार

घरात 2 जीबी रॅमचा लॅपटॉप असला की घरातला प्रत्येक माणूस कॉम्प्युटर इंजिनियर होतोय. आमचा मामेभावानं दिलेला. त्याला बेंगळूरला कंपनीनं मोठा दिला म्हणून हा बेळगावच्या शहापुरात आमच्याकडं आला, दिसायला देखणा, वजनाला हलका, खरं आत काय नाही. 2 जीबी रॅम, ती पण बोर्डालाच सोल्डर केलेली आणि साठवायला 32 जीबीची ईएमएमसी चिप, तीही तशीच, म्हणजे काढायची घालायची भानगडच नाही. "रॅम वाढवून घे की बे" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे समजावून सांगतो, मग तो लॅपटॉप उलटा करून स्क्रू मोजतो, परत सुलटा ठेवतो आणि म्हणतो, "तरी पण बघ, वाढली तर."

आई सकाळी विचारायची, "अजून चालूच व्हायलंय काय रे ते? माझ्या भाकऱ्या थापून झाल्या."

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. 11 ला कमीत कमी 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते, म्हणजे आमचं पाखरू दोन्ही विषयात निम्म्या मार्कावर नापास. मग विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम. निपाणीचे दाजी म्हणाले त्यातलं लुबुंटू घाल, गल्लीतलं डिप्लोमाचं पोरगं म्हणालं पप्पी घाल, ते अख्खं रॅममध्येच बसतंय. मी शेवटी तिसरंच, डेबियन घातलं, वर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, कारण दोघांपैकी कुणाचं ऐकलं असतं तरी दुसरा घरी यायचा बंद झाला असता.

खरी मजा झीरॅमची. रॅम भरली की सिस्टीम जास्तीचं सामान डिस्कवर टाकते, त्याला स्वॅप म्हणतात, आणि असली डिस्क एवढी हळू की माऊसचा बाण पण विचार करून हलतोय. झीरॅम काय करतंय, ते सामान बाहेर न टाकता दाबून रॅममध्येच ठेवतंय, गणपतीला पावणे आले की आपण गाद्या गुंडाळून त्याच खोलीत रचतो तसं. दाबायचे कष्ट प्रोसेसरला, खरं डिस्कपेक्षा ते परवडतं. यावरून पण भांडण. सिस्टीमनं स्वॅप किती वापरायचा ते ठरवणारा स्वॅपीनेस म्हणून एक आकडा असतो, मुळात 60. दाजी म्हणाले 10 कर, पोरगं म्हणालं 100 च्या वर ने. दोघंही बरोबर ओ! स्वॅप डिस्कवर असेल तर कमी, झीरॅम असेल तर जास्त. हे दाजींना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर," आणि ठेवला.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी आणि कन्नड दोन्ही घालून घेतलं. ज्या बटणावर मराठीचा क, त्याच बटणावर कन्नडचा क. 1956 पासून चाललेला सीमावाद त्या एका बटणाखाली गपगुमान नांदतोय, आणि रॅम पण जवळपास खात नाही.

एवढं सगळं करून नुसती सिस्टीम चालू केली की चारपाचशे एमबीत काम. मी तासभर रॅम किती खर्च झाली ते दाखवणारं एचटॉप उघडून ते हिरवे दांडके बघत बसायचो. कायच करायचं नसेल तर यापेक्षा फास्ट लॅपटॉप बेळगावात नसेल.

मग ब्राउझर उघडायचा.

माझं स्पष्ट मत आहे की सिस्टीमला लोक उगाच शिव्या घालतात, रॅम खाणारा हाच. तीनचार टॅब आणि संसार उघड्यावर. ॲडब्लॉकर घातल्यावर जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानं नाही, कारण बातमी चार ओळीची आणि भोवती जाहिरातींची जत्रा असते.

परवा खानापूरहून काका आले, आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढायला. सगळे टॅब बंद केले, वॉलपेपर कधीच काढलाय, नुसता करडा रंग. उतारा निघाला, प्रिंट पण मिळाली. मला वाटलं आता काका उठतील, तर काका खुर्ची ओढून म्हणाले, "बरं चालतंय की रे! आता जरा कुस्ती लाव यूट्यूबला."

144पी वर लावली. काका लगेच ओरडले, "बघ बघ, ढाक लावली त्यानं!" मला निळा चौकोन लाल चौकोनावर पडलेला दिसला.