हा लाँगला रात्र बोटीवरच काढा

व्हिएतनाममधल्या हा लाँग बे या चुनखडीच्या सुळक्यांच्या खाडीवरच्या लेखात म्हटलंय की हनोईहून सकाळी निघून संध्याकाळी परत आलं की हा लाँग बे 'होऊन जातं'. होतं खरं, पण निम्मा दिवस बसमध्येच जातो. खरी मजा दिवसाच्या बोटी परतल्यावर सुरू होते.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. ऊन नावाला नाही, सगळीकडे धुकं, आधी जरा हिरमुसलोच. पण पहाटे साडेपाचला डेकवर आलो तर शेजारचा सुळका एवढा जवळ, की पाण्यालगत दगडाला पडलेली खाच स्पष्ट दिसत होती. भरती-ओहोटीचं पाणी चुनखडी पायथ्याशी झिजवत राहतं, त्यामुळे कित्येक बेटं खाली बारीक आणि वर रुंद झालीयेत. ओहोटीला त्या खाचेत चिकटलेली कालवंही दिसतात. रात्री स्क्विडसाठी गळ टाकून तासभर बसलो, हाती शून्य!

खाडीतल्या 'ती टॉप' नावाच्या बेटाच्या नावाची गंमत लेखात यायला हवी होती. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव १९६२ मध्ये व्हिएतनामी नेते हो चि मिन्ह यांच्यासोबत इथे आला होता, त्याचंच हे नाव. वरून खाडी झकास दिसते, पण पायऱ्या चारशेच्या वर आहेत, गुडघे सांभाळा.

गर्दी नको असेल तर कात बा बेटालगतच्या लान हा बेची बोट बघा. सुळके तेच, बोटी कमी. आणि दोन लाख डाँगची नोट मोडण्याआधी उलटून पाहा, त्यावर इथलंच धूपदाणीसारखं बेट छापलंय.