जोन हिक्सन यांची कारकीर्द ७८ व्या वर्षी सुरू झाली नाही

ब्रिटिश अभिनेत्री जोन हिक्सन यांच्याविषयी एक मजकूर सतत फिरत असतो. आयुष्यभर अज्ञात राहिलेल्या या बाईंना वयाच्या ७८ व्या वर्षी बीबीसीच्या मालिकेत मिस मार्पल या हौशी गुप्तहेर म्हातारीची भूमिका मिळाली, तीही हे पात्र निर्माण करणाऱ्या रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी खुद्द निवड केल्यामुळे, आणि तेव्हा कुठे त्यांची कारकीर्द सुरू झाली, असा त्याचा आशय असतो. हेतू उमेद देण्याचा असेल. पण त्यापायी एका कष्टाळू चरित्र अभिनेत्रीची पन्नासहून अधिक वर्षे पुसली जातात, आणि हे मला मनापासून खटकते.

वयाचा आकडा तेवढा बरोबर आहे. हिक्सन यांचा जन्म ऑगस्ट १९०६ चा आणि मालिकेचा पहिला भाग डिसेंबर १९८४ चा.

‘अज्ञात’ हा शब्द मात्र टिकत नाही. लंडनच्या राडा या नाट्यशिक्षण संस्थेत शिकून त्या १९२७ मध्ये रंगभूमीवर आल्या आणि १९३४ पासून चित्रपटांत दिसू लागल्या. ‘कॅरी ऑन’ या विनोदी चित्रपटमालिकेमुळे आणि साठच्या दशकातील ‘अवर मॅन ॲट सेंट मार्क्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतील पाद्र्याच्या घरकामवालीमुळे त्यांचा चेहरा घराघरांत ओळखीचा झाला होता. ‘बेडरूम फार्स’ या नाटकातील सहायक भूमिकेसाठी त्यांना १९७९ चा टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार न्यूयॉर्कमध्ये मिळाला, म्हणजे मार्पलच्या पाच वर्षे आधी.

ख्रिस्ती यांच्या निवडीची गोष्ट अर्धीच खरी आहे. चाळीसच्या दशकात हिक्सन यांना आपल्या एका नाटकात पाहून, पुढे कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल व्हावे, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी पाठवली होती. परंतु ख्रिस्ती यांचे निधन जानेवारी १९७६ मध्ये झाले. त्यामुळे आठ वर्षांनंतरच्या मालिकेची पात्रनिवड त्यांनी केली असणे शक्यच नाही. मधल्या काळात, १९६१ मध्ये, मार्गारेट रदरफोर्ड मार्पल झालेल्या ‘मर्डर शी सेड’ या चित्रपटात हिक्सन यांच्या वाट्याला घरकामवालीचीच भूमिका आली होती.

सर्वांत मोठी चूक त्या छोट्या भूमिकांना नुसती प्रतीक्षा समजण्याची आहे. मोलकरीण, परिचारिका, घरमालकीण अशा पात्रांना स्वतःची ओळख करून द्यायला वेळ मिळत नाही. दोन-चार वाक्यांत, चालण्या-बघण्यातून अख्खे माणूस उभे करावे लागते आणि दृश्याचा तोल मुख्य नटाकडेच राहू द्यावा लागतो. मार्पलचे बळही नेमके याच गोष्टीत आहे: खोलीतल्या कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तिला सगळे ऐकू येते. रदरफोर्ड यांची मार्पल धडाकेबाज होती. हिक्सन यांची मार्पल बोलणाऱ्याकडे शांतपणे पाहत राहते, आणि त्या पाहण्यातच प्रेक्षकाला तपास पुढे सरकल्याचे कळते. मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांची रूपांतरे त्यांनी याच संयमाने पूर्ण केली. शेवटचे डिसेंबर १९९२ मध्ये प्रसारित झाले, तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या.