पालखी आणि अभावणी

सस्नेह नमस्कार.

कोकणातल्या खोतीवरच्या माझ्या लेखात मी खोत (सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ (त्याची जमीन कसणारा शेतकरी) यांच्यात केवळ वैर पाहिले, शिमग्याला दोघेही एकाच ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा देत हे विसरलो, आणि त्यामुळे गावात फूट पाडणारे लिहिले, असे आपण म्हटले आहे. पालखी माझ्या लेखात यायला हवी होती, ही चूक मला मान्य आहे. गावदेवीवरची श्रद्धा दोन्ही घरांत खरी होती. माझे आजोबा कूळ होते. पालखी आधी खोतांच्या वाड्यापुढे नाचे, पहिला नारळ त्यांचा असे, आणि त्या क्रमाबद्दल आजोबांनी कधी तक्रार केली नाही.

मात्र त्याच आजोबांनी अभावणीही पाहिली होती. भात उभे असतानाच खोतांचा माणूस बांधावर येऊन नजरेने उत्पन्नाचा आकडा ठरवी. पुढे अवेळी पावसाने पीक आडवे झाले तरी त्याच आकड्यावर अर्धेल, म्हणजे उत्पन्नाचा निम्मा वाटा, खोतांना घालावी लागे. पालखीला शेजारी खांदा दिला म्हणून तो आकडा कमी झाल्याचे त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

वरच्या जातींच्या घरांतले सगळेच खोतांच्या बाजूचे होते का, हा आपला प्रश्न रास्त आहे. नव्हते. अनंत चित्रे आणि सुरबा टिपणीस हे कायस्थ प्रभू घरांतले; दोघेही डॉ. आंबेडकरांच्या बरोबर उभे राहिले. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप करून १९३३ ते १९३९ जमीन कसली नाही. इतकी वर्षे शेते ओसाड ठेवायची तर कुळाला कुळाचा भरवसा हवा, आणि एकमेकांवरची ही निष्ठा मला पालखीइतकीच पवित्र वाटते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. त्या लढ्यात कुणबी आणि महार एकत्र होते. आपण ज्या पालखीची आठवण दिलीत, तिला अनेक गावांत महारांचा खांदा चालत नसे, हेही सांगितले पाहिजे.

१९४९ च्या कायद्याने खोती गेली. आमच्या गावात पहिला नारळ त्यानंतरही कित्येक वर्षे वाड्याचाच राहिला, आणि तो वाहून नेण्यात आजोबा पुढे असत. आपल्या गावी मानाचा क्रम कसा होता, आणि तो कधी बदलला, हे सविस्तर कळवावे. लेख दुरुस्त करताना मला ते हवे आहे.