शुक्रवारचा मासा

वसईतल्या आमच्या आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर डीजे वाजतोय. म्हणजे डीजेवरून वाद वाजतोय. लग्नात डीजे नको, हळदीला दारू नको, पोरं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, येऊन मोबाइल बघतात, एक ना दोन. त्यात कुणीतरी युरोपात विकायला काढलेल्या चर्चचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आधुनिक संस्कृतीने काय केलं बघा.' लगेच एका काकांनी मला धरलं, 'तू तिकडेच असतोस ना? सांग जरा पोरांना.'

मी म्युनिकजवळ राहतो. सांगतो, पण काकांना हवं ते नाही.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्ता नोंदवायला नगरपालिकेत गेलो. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. विचार न करता 'रोमन कॅथलिक' लिहिलं. महिनाअखेरीस पगाराच्या स्लिपवर आयकराखाली आणखी एक ओळ आली: चर्च कर. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात तो आयकराच्या ८ टक्के. सरकार कापतं आणि चर्चला देतं. ऑफिसातला एक पुणेकर हळहळला, 'अरे, रकाना कोरा सोडायचा ना!' नंतर उपरती झाली तरी सोय आहे. सरकारी नोंदणी कार्यालयात जायचं, थोडी फी भरायची, चर्च सोडत असल्याची सही करायची, विषय संपला. २०२२ या एका वर्षात जर्मनीत ५ लाख २२ हजारांहून जास्त कॅथलिकांनी अशी सही केली.

कर वाचवायला म्हणून काहींनी केली असेल. पण त्याच वर्षी जानेवारीत कॅथलिक चर्चच्या म्युनिक महाधर्मप्रांतातल्या लैंगिक अत्याचारांवरचा अहवाल आला होता. वर्षानुवर्षं काय काय झाकलं गेलं ते त्यात होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तेव्हाच बाहेर पडली. तिला कुठल्या डीजेने बिघडवलं नव्हतं.

आणि बंदीचं म्हणाल तर ती इथे आहे की. गुड फ्रायडेला सार्वजनिक ठिकाणी नाचाचे कार्यक्रम कायद्याने बंद. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेही संविधानाच्या आधाराने. जून २०१८पासून बव्हेरियाच्या सरकारी इमारतींत दाराशी क्रूस लावायचा हुकूम आहे. त्यावर नाराज झाले ते म्युनिकचे कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल राइनहार्ड मार्क्सच. क्रूस म्हणजे नुसती संस्कृतीची खूण समजली तर तो कळलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. कारण एवढं सगळं असून रविवारी आमच्या चर्चमध्ये तीस-चाळीस डोकी, बहुतेक पांढरी. मिस्सा करणारे फादर केरळचे.

आमच्या कँटीनमध्ये शुक्रवारी हमखास मासा असतो. एकदा टीममधल्या पंचविशीतल्या पोराला विचारलं, शुक्रवारीच का रे? तो म्हणाला, 'मासळीची गाडी गुरुवारी येत असेल.' थट्टा नव्हती ती. मासा ताटात राहिला, कारण गळून पडलं. मला घर आठवलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून आई पापलेटाचं कालवण करायची आणि 'असला उपवास रोज असू दे' म्हणून आजोबा दुसऱ्यांदा भात घ्यायचे.

इथे श्रद्धेवर दबाव येतो तो मोहाचा नाही. कुणी टिंगल करत नाही, अडवत नाही. कुणी विचारतच नाही. रविवारी सकाळी मुलीची फुटबॉलची मॅच असते आणि तिला मॅचला सोडायचं की मिस्साला न्यायचं हे आम्ही दोघं नवराबायको चहा पिताना ठरवतो. बरेचदा मॅच जिंकते. वसईत असं कधी ठरवावंच लागलं नाही. घंटा झाली की आळीच निघायची. एखाद्या रविवारी दिसलो नाही तर दुपारपर्यंत तीन घरांतून चौकशी यायची, तापबिप आलाय का म्हणून. तेव्हा वैताग यायचा. माझी श्रद्धा म्हणून मी जी समजत होतो तिचा बराचसा भार आळीच वाहत होती, हे विमानात बसल्यावर कळलं.

म्हणून गटावरचा वाद वाचताना मला डीजेपेक्षा दुसरीच मोजणी सुचते. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची, तेव्हा उभं राहायला जागा नसायची. मागच्या मे महिन्यात गेलो होतो, तर अकरा जण, त्यात पाहुणा मी. बाकीचे कॅनडात, ऑस्ट्रेलियात, दुबईत, नाहीतर विरारच्या फ्लॅटमध्ये. क्रुसासमोरच्या घरातल्या मावशी एकट्याच असतात, तिन्ही मुलं बाहेर. आळी रिकामी करणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे पोरांना उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

काकांना एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त विचारलं, 'मावशींना रविवारी चर्चला कोण नेतं हल्ली?'

बऱ्याच जणांनी वाचलं. तासाभराने कुणीतरी लिहिलं, 'डीजेला दहापर्यंत परवानगी द्यायला काय हरकत आहे?'